उतारा

परवा दुपारी वाचनालयात पुस्तकं बदलायला गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही पुस्तकं पालथी केली, मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारला आणि हसल्या. "एक जगायचं, एक मेल्यानंतरचं. तुमच्या आत्याबाईंचीही हीच जोडी असायची."

एक पुस्तक होतं आहार सांभाळून वजन कसं उतरवावं याचं. दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर पडका वाडा, चंद्र, आणि माडीच्या एकाच खिडकीत उजेड. घरी येऊन चहा टाकला, खारीचा डबा घेतला आणि आहाराचं उघडलं. मैद्याचं प्रकरण लागलं तेव्हा चौथी खारी चहात होती.

ही माझी खोड. आहाराची पुस्तकं मला खाताखाताच वाचता येतात. उपाशीपोटी वाचली तर पाककृतींसारखी लागतात. भुतांची पुस्तकं भर उजेडात, आणि तीही शेवटून. कोण मेलेलं आहे आणि कोण नुसतंच विचित्र वागतंय हे एकदा कळलं की मी निवांतपणे पहिल्या पानावर येते. आत्याला हे पाप वाटायचं. "शेवट सांगितलास तर जेवायला वाढणार नाही," असा दम द्यायची. तिच्या हातची आमटी अशी होती की मी तोंड मिटून बसायचे.

आत्या साताऱ्याची. पुढे लग्न होऊन मीही तिथेच आले, पण माझं सातारा म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीतली तिची गच्ची. पहाटे गव्हाचा चीक शिजायचा, आम्हा पोरांना वाटीवाटी गरम चीक मिळायचा, आणि उन्हं वर येईपर्यंत प्लास्टिकच्या कागदावर कुरडयांच्या रांगा पडायच्या. मग कावळ्यांची राखण. राखणीला आत्या आणि मी. जिन्याच्या तोंडाशी सावलीचा हातभर तुकडा, त्यात दोघी. तिच्या एका हातात काठी आणि दुसऱ्यात नारायण धारप. वाचून दाखवायची ती हळू आवाजात, एकेक वाक्य चाखत. समोर बाराचं टळटळीत ऊन, पांढऱ्याशुभ्र कुरडया, आणि गोष्टीत कोणीतरी तळघराची कडी काढतंय. "भर बारालाही असतात हं ती," आत्या मधेच स्वतःच्या पदरचं घालायची. कावळा उतरला की काठी आपटायची, आणि माझा जीव तळघरातून एकदम गच्चीवर यायचा. एकदा गोष्ट अशा जागी आली, की काठी आपटायचीच राहिली. चार कावळ्यांनी अर्धी रांग नेली. आत्याने मान वर न करता सांगितलं, "खाऊ देत. प्रकरण संपू दे."

धारप २००८ साली गेले तेव्हा पेपर घडी करून ठेवत म्हणाली, "आता त्यांना खरं काय ते कळलं असेल."

पन्नाशी उलटल्यावर तिला साखर निघाली. डॉक्टरांनी काय खावं, काय टाळावं याचा एक छापील कागद दिला. आत्याला कागदात रस नव्हता, तिला पुस्तक लागायचं. वाचनालयातलं आरोग्याचं कपाट तिने दोन पावसाळ्यांत संपवलं. एका पुस्तकात तूप आरोपी होतं, पुढच्यात निर्दोष सुटलं. भात मेला आणि हातसडीचा होऊन परत आला. एक पुस्तक म्हणे दर दोन तासांनी थोडं थोडं खा. दुसरं म्हणे दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत आटपा. आत्या दोन्ही पाळायची. म्हणजे दोनदा जेवायची, आणि मधे दर दोन तासांनी थोडं थोडं. दोनशे पानी वहीत रकाने आखून सगळी नोंद असे. 'दु. १ – भाकरी, मेथी, ताक. ४ – काही नाही. ४.२० – शेंगदाणे (मोजले नाहीत).'

गोड मात्र तिने खरोखर सोडलं. दिवाळीत अनारसे तीच करायची, आणि कसे झालेत ते माझ्या तोंडाकडे बघून ओळखायची.

मला ही दोन्ही पुस्तकं एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटतात. सूर्यास्तानंतर पिंपळाखाली जाऊ नका. सूर्यास्तानंतर जेवू नका. पहिल्या प्रकरणात सगळं ठीक असतं, फक्त जिन्यावर पावलं वाजतात, किंवा जिना चढताना धाप लागते. एक शहाणा माणूस सावध करून जातो, त्याचं कोणी ऐकत नाही. आणि चकवा? चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो, उजाडताना बघतो तर त्याच बांधावर. मी गेली सहा वर्षं बहात्तर किलोच्या बांधावर उभी आहे.

बरं, या आहारवाल्यांचा एक जुना मूळपुरुष आहे, तो व्यवसायाने कोण असावा? लंडनमधला विल्यम बँटिंग. यांच्या घराण्याचा धंदा अंत्ययात्रांचा. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या मयतांची व्यवस्थासुद्धा यांच्याकडे. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. बुटाच्या नाड्या बांधता येईनात. गुडघे-घोटे दुखू नयेत म्हणून जिना उलटा उतरायचा. उलटी पावलं कोणाची असतात ते मराठी माणसाला सांगायला नको. कमी ऐकू येतं म्हणून हा कानाच्या डॉक्टरकडे गेला, आणि त्याने सांगितलं, पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद. वजन उतरलं. आनंदाच्या भरात १८६३ साली त्याने पुस्तिका काढली आणि आधी फुकट वाटली. ती इतकी गाजली, की त्याचं आडनाव इंग्रजीत क्रियापद झालं, आणि स्वीडिश लोक अजूनही वजन उतरवण्याला 'बांता' म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शवपेट्या बघितलेला माणूस, त्याला मापाचं महत्त्व कळणारच. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून खोकली, आणि मग विचारलं, "सोडल्यावर त्याला बटाट्याची स्वप्नं पडायची का, ते लिहिलंय?"

आपली भुतं तर बहुतेक खाण्यावरच अडलेली. तिठ्यावर ठेवलेल्या उताऱ्यात काय असतं? दहीभात, लिंबू, नारळ. दहीभाताला कुठल्याही आहारतज्ज्ञाची हरकत नसावी. कोकणात काय, देशावर काय, मुंजा असो की हडळ, काहीतरी राहून गेलेलं असतं. वासना राहिली, म्हणतात. आणि जिवंतपणी पावसात भजी खाविशी वाटली तरी, खायची वासना झाली, म्हणतात. शब्द एकच. यावरून मला काहीतरी फार महत्त्वाचं सुचलं होतं, पण खारीचा डबा ठेवायला उठले आणि ते गेलं.

आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. उशाशी वाचनालयाचं पुस्तक होतं, एसटीच्या तिकिटाची खूण घातलेलं. चौदा पानं राहिली होती. दवाखान्यात तिच्याजवळ बसले असताना मी माझ्या सवयीने त्याचा शेवट वाचून ठेवला होता. तिच्या ते लगेच लक्षात आलं. बोलायचं त्राण नव्हतं, पण माझ्याकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

दहाव्याला संगम माहुलीला गेलो. कृष्णेला पाणी कमी होतं. पिंड ठेवला, सगळे मागे सरलो. कावळे होते, भरपूर होते, भिंतीवर ओळीने बसले होते, पण एकही खाली येईना. दादा हात जोडून म्हणाला, "आई, घराचं बघतो मी." काही नाही. "बाबांच्या गोळ्या चुकवू देणार नाही." काही नाही. धाकट्या काकांनी नातीच्या शिक्षणाचं सांगितलं. एक कावळा एक पाऊल पुढे आला आणि पंख साफ करत बसला. ऊन चढत होतं. कुरडयांच्या राखणीला लागायचं तसं पाठीला लागत होतं. आमच्यामागे दुसरी मंडळी खोळंबली होती, आणि गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

तेवढ्यात वहिनीने पर्समधून कागदाची पुडी काढली. आत दोन जिलब्या होत्या, तेलकट झालेल्या. "अकरा वर्षं," एवढंच म्हणाली आणि पिंडाशेजारी ठेवल्या. ती वाकली तेव्हा मीही वाकले. नमस्काराचं निमित्त केलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं सांगितलं, "आत्या, दिवाणजी. दिवाणजी पहिल्या पानापासून मेलेलाच होता."

आम्ही पुरते मागेही सरलो नव्हतो, तेवढ्यात कावळा शिवला.

दादा म्हणतो, जिलबी. वहिनी म्हणते, गोळ्यांचं सांगितलं ते पोचायला वेळ लागला. काकांचा दावा नातीवर आहे. मी कोणाला काही बोलले नाही. तिथल्या कावळ्यांना रोज कोणाचं ना कोणाचं गोड मिळतं, हेही आहेच.

पुस्तक परत करायला मीच गेले. बावीस रुपये दंड झाला होता. भरला.