तुम्ही विचारलंत म्हणून: हो, माझ्या मुलीच्या नावाचा अर्थ शुक्रवार आहे

फोनवर, व्हॉट्सअॅपवर, पुण्यात कुणाच्या लग्नाला गेले तर तिथेही, प्रश्न ठरलेला. "ग्रीसमध्ये राहतेस, सोफिया ठेवायचं, शहाणपण, इरीनी ठेवायचं, शांती, इतके गोड अर्थ असताना पोरीचं नाव शुक्रवार?" हो. पारास्केवी. एकदाच सांगते.

अर्थ बघून नाव ठेवायची हौस आपली. थेस्सलोनिकीत मला आजवर कुणी अर्थ विचारलेला नाही. योर्गोस म्हणजे शेतकरी, पेत्रोस म्हणजे दगड, किरियाकी म्हणजे रविवार, आणि या नावांची माणसं डेंटिस्ट आहेत, बँकेत आहेत, कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडेही दगडू, धोंडू, बुधाजी होतेच की. इथे विचारतात ते एवढंच, कुणाचं नाव? पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, मुलीला बऱ्याच घरांत वडिलांच्या आईचं. आणि ती आजी चांगली हयात असते, समोर बसून कॉफी पीत असते.

मला इरा हवं होतं. मराठीत चालतं, ग्रीकमध्ये हेरा देवीचा उच्चारच इरा, नवराही तयार. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या टोमॅटोत भात भरत होत्या, "छान आहे" म्हणाल्या आणि भरत राहिल्या. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग आला 26 जुलै, आयिया (म्हणजे संत) पारास्केवीचा दिवस. सासूबाईंचं नावही पारास्केवी, म्हणजे हा त्यांचा नामदिन, आपल्या नावाच्या संताचा दिवस. इथे वाढदिवसापेक्षा याचं कौतुक जास्त, आमंत्रण नसतं, लोक मिठाईचा बॉक्स घेऊन येतात. (ही संत डोळ्यांची, हिला पत्र्यावर उठवलेले डोळे वाहतात, आपण देवीला चांदीचे वाहतो तसेच.) बाळाचा बाप्तिस्मा व्हायचा होता, तोवर सगळे तिला नुसतं बेबा म्हणत होते. शेजारीण मोठ्याने म्हणाली, "पुढच्या वर्षी दोघींचा एकत्रच!" सासूबाई हसून म्हणाल्या, "छे गं, आमची छोटी जुन्या काळची देवी आहे, तिला संत लागत नाही." सगळे हसले, मीही हसले. थोड्या वेळाने किचनमध्ये गेले तर नळ पूर्ण सोडून त्या धुतलेलेच ग्लास परत धूत होत्या. मागे न बघता म्हणाल्या की हे नाव त्यांच्या वडिलांच्या आईचं, ती 1923 मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल केली तेव्हा तुर्कस्तानातून इथे थेस्सलोनिकीजवळ कालामारियात आली, घर तिकडे, थडगी तिकडे. "तिचं म्हणून एवढं नावच आहे. पुढे नाही गेलं तर नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस."

आता बोला.

इमोशनल ब्लॅकमेल होतं का? थोडं होतं. कायद्याने नाव ठरतं ते नोंदणी ऑफिसात, आईबाप दोघांच्या संमतीने, म्हणजे मी नाही म्हटलं असतं तर कुणी काही करू शकत नव्हतं. पण सही मीच केली. मैत्रीण म्हणाली, झुकलीस. आणि हे मला झोंबतं, कारण या देशात 1983 पासून लग्नानंतर बाईचं आडनाव कायद्यानेच बदलत नाही, मी त्याचं कोण कौतुक सांगत फिरायचे, आणि शेवटी पोरीचं नाव सासूच्या पदरात घालून मोकळी झाले. तेव्हाची मी आजच्या मला दारात उभी केली नसती. तिला सांगावंसं वाटतं, बाई, तू तो नळ ऐकला नव्हतास. ती म्हणेल, नळ सगळ्याच सासवांकडे असतो. दोघींचंही बरोबर वाटतं, काय करू.

इरा आवडायचं, अजूनही आवडतं. पार्कमध्ये दुसऱ्या कुणाची इरा धावत आली की वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

पुण्याची आजी तिला पारू म्हणते. पद्धतीप्रमाणे दुसरी मुलगी झाली तर आईच्या आईचं नाव, म्हणजे मंदाकिनी. आईला सांगितलं तर केवढी भडकली, "मी जिवंत असताना? आणि तिला ओरडायचं झालं तर माझ्याच नावाने ओरडणार?" विषय बंद. मग मध्येच एकदा, भाजीचं बोलता बोलता, "ग्रीकमध्ये मंदाकिनी कसं लिहितात गं?"