गोलीचे पुढे काय?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो आहे; एरवी या प्रश्नाचे उत्तर मी मैदानाच्या कडेला उभ्याउभ्या दोन वाक्यांत देतो आणि त्याने कोणाचेही समाधान होत नाही. कोल्हापुरात सकाळी मुलांकडून गोलरक्षणाचा सराव करून घेताना, मुलाला दुचाकीवरून सोडायला आलेले वडील कधी ना कधी मला बाजूला घेतात आणि विचारतात, "सर, गोलीचं पुढं काय? बाकीची पोरं खेळ संपला की कोच तरी होतात. गोली कधी कोच झालेला ऐकलाय का?" प्रश्नात खोच नसते, काळजी असते. मी स्वतः पेठेच्या संघाचा गोल अकरा वर्षे राखला, पण संघ कसा उतरवावा हे मला त्या काळात कोणी एकदाही विचारले नाही. त्यामुळे हा प्रश्न ऐकला की थोडे लागतेही.

गोली कोच झालेला आहे, एकदा नव्हे अनेकदा. बेल्जियमचे रेमों गोथाल्स तरुणपणी गोलरक्षक होते आणि त्यांच्याच हाताखाली मार्सेयने 1993 मध्ये युरोपातील क्लबांचा सर्वांत मोठा चषक जिंकला. स्पेनचा युलेन लोपेतेगी हाही गोलरक्षकच; त्याच्या सेव्हिया संघाने 2020 मध्ये युरोपा लीग जिंकली. पण या नावांनी प्रश्न मिटत नाही, कारण विचारणाऱ्याला यादी नको असते. गोलखांबांमध्ये उभे राहून माणूस असे काय शिकतो, की जे प्रशिक्षकाच्या बाकावर बसल्यावर कामाला येते किंवा आड येते, हे त्याला जाणून घ्यायचे असते. त्यासाठी मला इटलीचा गोलरक्षक आणि पुढे प्रशिक्षक झालेल्या दिनो झॉफपाशीच जावे लागते.

झॉफचा जन्म 28 फेब्रुवारी 1942 रोजी फ्रिउली प्रांतातील मारियानो देल फ्रिउली या खेड्यात, शेतकरी घरात झाला. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या दोन्ही मोठ्या क्लबांनी त्याला उंची कमी म्हणून परत पाठवले. आजीने त्यावर दिवसाला आठ अंड्यांचा उपाय सांगितला, आणि पुढच्या पाच वर्षांत तो 33 सेंटीमीटर वाढला. (अंड्यांचे श्रेय किती आणि वयाचे किती, हे मला विचारू नका; मात्र ही गोष्ट सांगितल्यापासून आमच्या सरावाला येणाऱ्या दोन-तीन घरांत अंड्यांचा खप वाढला आहे.) पुढे फुटबॉल जमले नाही तर हातात काहीतरी असावे म्हणून तो मोटारी दुरुस्त करण्याचे कामही शिकला.

त्याच्या वडिलांची एक आठवण झॉफने स्वतः सांगितली आहे, आणि माझ्या मते त्याची सारी कारकीर्द तिच्यात आहे. एकदा गोल खाऊन घरी आल्यावर तो म्हणाला की समोरचा तिथून फटका मारेल असे वाटले नव्हते. वडिलांनी विचारले, का, तुझा धंदा काय औषधे विकण्याचा आहे? फटका येणार हे धरून चालणे हेच ज्याचे काम, त्याला "वाटले नव्हते" असे म्हणता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सबब सांगायची नाही, हे त्याने त्या घरातून घेतले आणि ते त्याला अखेरपर्यंत पुरले. कधी फायद्याचे ठरले, कधी नडले.

पहिलाच मोठा सामना सबब मागणारा होता. सप्टेंबर 1961 मध्ये एकोणीस वर्षांच्या झॉफला उदिनेसे या क्लबने फियोरेंटिनाविरुद्ध उतरवले आणि त्याने पाच गोल खाल्ले. त्या हंगामात उदिनेसे खालच्या श्रेणीत घसरले. 1963 मध्ये तो मांतोवाला गेला. तिथला 1 जून 1967 चा सामना मी गोलरक्षक मुलांना नेहमी सांगतो. हंगामाचा शेवटचा दिवस, विजेतेपदासाठी इंटरला फक्त मांतोवाला हरवायचे होते, आणि इंटरचा अनुभवी गोलरक्षक जुलियानो सार्तीच्या हातून एक साधा चेंडू निसटून आत गेला. मांतोवा 1-0 ने जिंकले, विजेतेपद युव्हेंटसला गेले. त्या दिवशी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, एकही गोल न खाता, झॉफ उभा होता. आपल्या हातून झाले नाही तरी ते नजरेसमोर घडताना पाहणे, हेही गोलरक्षकाचे शिक्षणच आहे.

मधली वर्षे मी भरभर सांगतो, कारण ती आकड्यांत मावतात. 1967 मध्ये नापोली, 1968 मध्ये राष्ट्रीय संघात पदार्पण आणि त्याच वर्षी युरोपचे विजेतेपद, 1970 च्या विश्वचषकात अल्बेर्तोसीच्या मागे राखीव, आणि 1972 पासून अकरा हंगाम युव्हेंटस. या अकरा हंगामांत त्याने लीगचा एकही सामना चुकवला नाही. सलग 330 सामने, आणि सहा विजेतेपदे. 1972 ते 1974 या काळात राष्ट्रीय संघासाठी त्याने 1142 मिनिटे गोल होऊ दिला नाही, आणि ती मालिका एखाद्या बड्या संघाने नव्हे तर हैतीच्या एमान्युएल सानोंने 1974 च्या विश्वचषकात मोडली.

1978 च्या विश्वचषकात मात्र नेदरलँड्स आणि ब्राझीलने त्याला दुरून मारलेल्या फटक्यांवर हरवले. छत्तिशीतल्या गोलरक्षकाची नजर गेली, असे तेव्हा उघड लिहिले गेले. प्रशिक्षक एन्झो बेअर्झोत, तोही फ्रिउलीचाच, याने त्याला काढले नाही. चार वर्षांनी स्पेनमध्ये चाळिशीचा झॉफ कर्णधार होता. पहिले तिन्ही सामने बरोबरीत सुटल्यावर वृत्तपत्रांनी संघावर इतकी चिखलफेक केली की खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणेच बंद केले, आणि सगळ्यांच्या वतीने बोलण्याचे काम कर्णधारावर, म्हणजे संघातल्या सर्वांत अबोल माणसावर आले. यातली गंमत इटलीतल्या लोकांना कळली असेलच; मला ती आजही कळते.

बार्सिलोनात 5 जुलैला ब्राझीलविरुद्ध इटली 3-2 ने पुढे होती आणि सामना संपायला अगदी थोडा अवधी होता. बरोबरी झाली तरी ब्राझील पुढे जाणार होते. डावीकडून आलेल्या फ्री किकवर बचावपटू ओस्कारने डोक्याने चेंडू खाली, कोपऱ्याकडे मारला. अशा चेंडूला बहुतेक गोलरक्षक बोटे लावून तो बाहेर ढकलतात, आणि तसे केले असते तर चेंडू गर्दीत पुन्हा कोणाच्या तरी पायावर गेला असता. झॉफने झेप घेऊन तो रेषेवरच पकडला आणि जमिनीशी दाबून धरला. खरे कौशल्य त्यानंतरच्या क्षणात आहे. त्याने चेंडू छातीशी ओढला नाही, उचलून दाखवलाही नाही, कारण तो हलला असता तर रेषेपलीकडून आणला असे पंचांना वाटण्याचा धोका होता. ब्राझीलचे खेळाडू हात वर करून गोल मागत होते आणि हा माणूस चेंडूवर हात ठेवून स्तब्ध पडून राहिला. पंच अब्राहम क्लाइन यांनी गोल दिला नाही. मुलांना मी हे चित्रीकरण दाखवतो तेव्हा झेप वेगाने पुढे सरकवतो आणि तिथे, त्या स्तब्धतेवर, थांबवतो.

सहा दिवसांनी माद्रिदमध्ये इटलीने पश्चिम जर्मनीला 3-1 ने हरवले आणि झॉफ विश्वचषक जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. परतीच्या विमानात तो राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी यांचा जोडीदार होऊन बेअर्झोत आणि संघातला सहकारी काउझियो यांच्याविरुद्ध पत्ते खेळला, डाव हरला, आणि पेर्तिनींनी चुकीचे खापर त्याच्यावर फोडले. चूक आपलीच होती हे त्यांनी पुढे काही वर्षांनी मान्य केले. त्या विमानातही दोष गोलीचाच!

1983 मध्ये, युरोपीय चषकाचा अंतिम सामना हँबुर्गच्या मागाटच्या दुरून मारलेल्या एका फटक्यावर हरल्यानंतर, त्याने खेळ थांबवला. गोलरक्षकाला क्लब पहिल्यांदा जे काम देतात तेच युव्हेंटसने त्याला दिले: गोलरक्षकांचा प्रशिक्षक. इथेच पालकांचा प्रश्न खरा ठरतो. गोली वेगळा सराव करतो, वेगळ्या रंगाचा सदरा घालतो, आणि त्यामुळे त्याला फक्त गोलींचेच कळते असा समज पक्का होतो. वस्तुतः समोरचे सगळे मैदान नव्वद मिनिटे डोळ्यांपुढे असणारा संघात तो एकटाच असतो.

1988 मध्ये झॉफ युव्हेंटसचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याने सहायक म्हणून गायतानो शिरेआला घेतले, जो वर्षानुवर्षे त्याच्यापुढे बचाव सांभाळत होता आणि परगावी त्याच्याच खोलीत राहत होता. दोघेही इतके शांत, की सहकारी त्यांच्या खोलीला स्वित्झर्लंड म्हणत. सप्टेंबर 1989 मध्ये युएफा चषकातील पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा, गुर्निक झाब्झेचा, खेळ पाहायला शिरेआ पोलंडला गेला आणि परतताना मोटारीच्या अपघातात मरण पावला. इंधनाच्या टंचाईमुळे मोटारीत पेट्रोलचे डबे ठेवलेले होते, आणि त्यांनी पेट घेतला. तो 36 वर्षांचा होता. त्याच हंगामात झॉफने युएफा चषक जिंकला आणि इटालियन चषकही जिंकला, आणि तरीही क्लबने त्याला निरोप दिला. नव्या व्यवस्थापनाला अधिक चमकदार, आक्रमक खेळ हवा होता. त्यासाठी आणलेल्या माइफ्रेदीच्या हाताखाली युव्हेंटस पुढच्या हंगामात सातव्या स्थानी राहिले. झॉफने वाद घातला नाही. तो रोमला लाझियोकडे गेला, चार वर्षे प्रशिक्षक राहिला आणि पुढे त्या क्लबचा अध्यक्षही झाला. त्या काळातही संघ अडचणीत आला तेव्हा तो काही महिने पुन्हा बाकावर बसला.

1998 मध्ये राष्ट्रीय संघ त्याच्याकडे आला. युरो 2000 या युरोपीय स्पर्धेच्या तोंडावर गोलरक्षक बुफॉनचा हात मोडला आणि त्याच्या जागी तोल्दोला उभे करावे लागले. अॅमस्टरडॅममधील उपांत्य सामन्यात यजमान नेदरलँड्सविरुद्ध इटली अर्ध्या तासानंतर दहा खेळाडूंवर आली. तोल्दोने खेळात एक आणि शेवटच्या पेनल्टींमध्ये दोन, अशा तीन पेनल्टी अडवल्या. फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना मी मित्राच्या घरी मध्यरात्र उलटल्यानंतरपर्यंत जागून पाहिला. इटली 1-0 ने पुढे, भरपाई वेळेचे चौथे मिनिट, राखीव खेळाडू गळ्यात गळे घालून उभे, आणि विल्तोरचा जमिनीलगतचा फटका तोल्दोच्या हाताला लागून आत गेला. जादा वेळेत त्रेझेगेने गोल्डन गोल, म्हणजे होताच सामना संपवणारा गोल, केला आणि फ्रान्स जिंकले. मी त्या वेळी पडद्यावर झॉफला शोधत होतो, कारण हाताला लागून गेलेला चेंडू काय असतो हे त्या बाकावर त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

दुसऱ्या दिवशी त्या वेळचे विरोधी पक्षनेते आणि मिलान क्लबचे मालक बेर्लुस्कोनी जाहीरपणे म्हणाले, की फ्रान्सच्या झिदानवर पहारा ठेवायला हवा हे हौशी माणसालाही दिसले असते. झॉफने पत्रकारांना बोलावून राजीनामा दिला. डावपेचांचे समर्थन त्याने केले नाही. प्रतिष्ठेचे धडे त्या गृहस्थांकडून घेण्याची आपल्याला गरज नाही, अशा अर्थाचे तो बोलला आणि निघून गेला.

माझे उत्तर इथे आहे. गोली प्रशिक्षक होतो, चांगलाही होतो. त्याला जागा धरणे येते, वाट पाहणे येते, आणि हातून निसटलेल्या चेंडूनंतर दुसऱ्याला कसे उभे करावे हेही येते. त्याला येत नाही ते स्वतःची वकिली करणे, आणि प्रशिक्षकाच्या खुर्चीत निम्मे काम तेच असते. वीस वर्षे ज्याची प्रत्येक चूक फलकावर आकड्यात लागली, त्याला ती शब्दांनी झाकण्याची सवयच नसते. झॉफ थोडा बोलघेवडा असता तर इटलीचा प्रशिक्षक म्हणून आणखी टिकला असता असे मला वाटते, आणि तो तसा नव्हता म्हणून तो मला आवडतो. या दोन मतांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

त्याने शेवटचा संघ घेतला तो 2005 च्या जानेवारीत: घसरणीच्या काठावरचा फियोरेंटिना, ज्याने त्याला पहिल्या सामन्यात पाच गोल मारले होते. हंगामाच्या अखेरच्या दिवशी ब्रेशियाला 3-0 ने हरवून तो संघ वाचला. क्लबने पुढच्या हंगामासाठी दुसरा प्रशिक्षक नेमला, आणि 63 वर्षांच्या झॉफने त्यानंतर कोणाचाही बाक सांभाळला नाही.