शेवटचं पान आधी

पुस्तक उचलायला गेले आणि हातात फक्त शेवटचं पान आलं. बाकीचं पुस्तक सोफ्याच्या फटीत तसंच राहिलं. पान ४१९. मागची बाजू कोरी असायला हवी होती, पण तिथे तीन रंगांत काहीबाही खरडलेलं. आता आपणहून हातात आलेलं पान वाचायचं नाही, म्हणजे दारात आलेल्याला पाणीसुद्धा न विचारण्यासारखं. मी वाचलं. दोन मुली धक्क्यावर बसल्यात. एकीच्या हाताला पट्टी आहे, म्हणून दुसरी तिला संत्रं सोलून देतेय, आणि सालं पाण्यात टाकू नकोस म्हणून पहिली तिला रागावतेय. संपलं.

"मावशी! शेवट वाचलास?" भाची स्वयंपाकघराच्या दारात, हातात कुकरची शिट्टी.

"पान निखळलं होतं गं."

"निखळलं म्हणून वाचायचं?"

भाची सांगलीची. कॉलेजसाठी दोन वर्षांपासून कोथरूडला माझ्याकडे राहते. हे पुस्तक म्हणजे तरुण वाचकांसाठीच्या एका इंग्रजी फॅन्टसीचा दुसरा भाग. नाव लिहायचं नाही अशी तिची अट आहे, सांगलीपर्यंत बातमी जाते म्हणून. कथा सांगायला मात्र परवानगी आहे. एक बंदरावरच्या किल्ल्याची तरुण सेनापती, दुसरी वाऱ्याशी बोलू शकणारी नावाड्याची लेक. पहिल्या भागात दोघी आधी एकमेकींच्या जिवावर उठतात आणि मग एकमेकींवर जीव टाकतात. अशा पुस्तकांना 'सॅफिक' म्हणतात. शब्द भाचीनं दिला, मूळ मी शोधलं: सॅफो, लेस्बॉस बेटावरची ग्रीक कवयित्री, अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. तिच्या कवितांचे बहुतेक तुकडेच हाती लागलेत. म्हणजे पानं निखळण्याची परंपरा जुनीच म्हणायची.

पुस्तकाची प्रत एक आणि वाचणाऱ्या चौघी. वर्गणी काढून आणलेलं. पहिल्या पानावर पाटी:

"पान दुमडल्यास मैत्री संपुष्टात येईल. चहा, वडापाव व अश्रू यांपासून लांब ठेवावे. पुढचं सांगणारीस एक कॉफी दंड. हुकमावरून."

चौघींपैकी एकही मूळची पुण्याची नाही. पण इथलं पाणी लागतंच.

पाटीच्या खाली चार रंगांत प्रत्येकीची पुस्तक मिळाल्याची आणि संपवल्याची तारीख. रविवारी दुपारी भाची झोपल्यावर मी ते पुस्तक घेऊन बसले, आणि खरं सांगायचं तर पुस्तकापेक्षा समासच जास्त वाचला. जांभळं जेल पेन सतत चिडलेलं. निळं पेन शहाणं. काळं बॉलपेन मुंगीएवढ्या अक्षरात. आणि एक हिरवी पेन्सिल.

पान ६१ ला दोघींची ताटातूट होते. जांभळं: "आत्ता कुठे एकत्र आल्या होत्या!!" त्याच्याखाली निळं: "मग उरलेली साडेतीनशे पानं कशी भरणार?"

पान १३३ ला तिसरीच एक येते, गलबताची कप्तान, केस बिस छान असलेली. जांभळं: "ही कोण? हिला बुडवा." काळं: "मला आवडली." जांभळं: "तुझ्याशी बोलायचं नाही." पुढची वीस पानं काळं पेन खरंच गप्प आहे.

पान २०७. सेनापती नावाड्याच्या लेकीच्याच भल्यासाठी म्हणून तिच्यापासून काहीतरी लपवते. निळं: "एक वाक्य बोलली असती तर दीडशे पानं वाचली असती. आमच्या घरी सेम." या वाक्याला मी मनातल्या मनात दाद दिली. वाचली असती!

पान २८८ ला वादळ, धर्मशाळा, एकच खोली आणि खोलीत एकच पलंग. तिन्ही रंगांत एकच शब्द: "आलं!!!" या प्रसंगाची वाट बघायची असते, त्याला 'ओन्ली वन बेड' असं रीतसर नाव आहे, हे भाचीनं मला नंतर भौतिकशास्त्राचा नियम सांगावा तसं सांगितलं. आमच्या वाड्यात मे महिन्यात एका खोलीत आम्ही सात मावस-चुलत बहिणी झोपायचो. कुणाचं काही जुळलं नाही. निदान मला तरी कळलं नाही.

काळं पेन आवडत्या वाक्यांचं मराठी करतं. इंग्रजीतल्या 'आय' आणि 'यू'वरून कोण मुलगा, कोण मुलगी, काही कळत नाही. समासात मात्र लिहिलंय, "मी परत आले. तू थांबली होतीस." मराठीत लपवायचं म्हटलं तरी क्रियापद लपवू देत नाही.

समासात लिहिण्याचं मला नवल नाही. आमच्या पेठेतल्या वाचनालयात तर तो धर्मच होता. "छान." "टुकार." "लेखकाने कधी बैलगाडी पाहिली आहे काय?" अकरा वर्षांची असताना एक रहस्यकथा आणली, तर नवव्या पानावर शाईनं ठसठशीत: "खुनी दिवाणजी आहे." त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. तेव्हापासून शेवट आधी सांगणं आणि शेवट आधी बघणं ही दोन्ही माझ्या लेखी सारखीच पापं.

म्हणूनच हिरवी पेन्सिल खटकली. चारशे पानांत तिनं एक अक्षर लिहिलेलं नाही, कुठे कुठे फक्त बारीकशी खूण. पण निखळलेल्या पानावर, संत्र्याच्या ओळीशेजारी, तिनं तारीख टाकली आहे. पहिल्या पानाशी ताडून बघितलं, तर ती पुस्तक मिळाल्याची तारीख. संपवल्याची त्यानंतर नऊ दिवसांनी. म्हणजे बाईनं पुस्तक हातात पडल्या पडल्या शेवट गाठला होता.

संध्याकाळी भाचीला विचारलं, "हे नियमात बसतं?"

"नियम सांगण्याबद्दल आहे. बघतो आम्ही सगळ्याच."

"का पण?"

"दोघी जिवंत आहेत का ते." आणि ती फ्रिजमध्ये कोथिंबीर शोधायला लागली.

हे ती इतक्या सहज म्हणाली की मला मिनिटभर काही सुचलंच नाही. मग आठवायला लागले, अशा गोष्टी मी कुठल्या वाचल्या होत्या? कॉलेजात असताना तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' वाचलं होतं. १९८१ साली विनय आपट्यांनी ते रंगमंचावर आणलं, मित्रा या नायिकेचं काम रोहिणी हट्टंगडींनी केलं. मुलीवर प्रेम करणारी मुलगी मराठी रंगभूमीवर मधोमध उभी करायची, तीही त्या काळात, धाडसच ते. पण मित्रा शेवटी जीव देते. त्या वयात मला वाटलं होतं, किती खरा शेवट. दुसरा काही शेवट असू शकतो, हे मनातही आलं नव्हतं.

दुसरीकडे तर शेवट टपालखात्यानं ठरवले. अमेरिकेत १९५२ साली मॅरिजेन मीकर यांनी टोपणनावानं 'स्प्रिंग फायर' लिहिलं. संपादकानं आधीच बजावलं होतं: पुस्तकं टपालानं जातात, दोघी सुखात राहिल्या तर टपालवाले अडवतील. मग एकीला वेड लावलं आणि दुसरीला साक्षात्कार झाला की आपलं तिच्यावर प्रेम नव्हतंच मुळी. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी 'द प्राइस ऑफ सॉल्ट'च्या शेवटी दोघींसाठी आशेला जागा ठेवली, पण स्वतःचं नाव न लावता. आणि आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल लागला तो ६ सप्टेंबर २०१८ ला. भाची तेव्हा सातवीत होती.

एकूण, हिरव्या पेन्सिलीवरचा माझा खटला तिथेच बारगळला.

पान निखळलं ते माझ्या सोफ्यात, तेव्हा बाइंडिंग माझ्याकडे आलं. नळस्टॉपला मेट्रो पकडली, महापालिकेला उतरले, नवा पूल ओलांडला (शंभरी उलटली तरी नवाच), आणि अप्पा बळवंत चौक गाठला. गाइडं आणि अपेक्षित प्रश्नसंचांच्या गर्दीतून एका बोळात बाइंडर सापडले. त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि डॉक्टरसारखे म्हणाले, "ताई, हे शिवलेलंच नाही. नुसतं चिकटवलंय. चार जणींनी वाचल्यावर गळणारच." तासाभरानं या म्हणाले.

तो तास आनंदाश्रम या जुन्या संस्कृत ग्रंथसंस्थेच्या आसपास काढला. कादंबरीकार हरिभाऊ आपटे तिथलं व्यवस्थापन बघायचे आणि १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं. 'पण लक्षात कोण घेतो' त्यातूनच क्रमशः आलं. त्यातल्या यमूचं पुढे काय होणार हे कळायला तेव्हाच्या पुण्याला आठवडा आठवडा थांबावं लागायचं. शेवटचं पान आधी उलटायची सोयच नव्हती, ते छापलेलंच नसायचं. सदाशिव पेठेत काय काय तर्क चालले असतील! जांभळं पेन तेव्हाही कुणाच्या तरी घरात असणार.

पुस्तक घट्ट होऊन आलं, थोडं जाड, थोडं खळीच्या वासाचं. परतीच्या मेट्रोत पान ४१९ ची मागची बाजू वाचली. जांभळं: "५ पैकी २. दोघींना आठवडाभरसुद्धा सुखानं राहू दिलं नाही." काळं: "५ पैकी ४, कप्तानसाठी." निळं: "पहिला भाग जास्त भारी. पण संत्रं!"

माझं मत निराळं आहे. पहिल्या भागात (तोही वाचला, लपवत नाही) चुंबनं मोजता येणार नाहीत इतकी आहेत, पण कुणी कुणाला काही सोलून दिलेलं नाही. दुसऱ्या भागात त्या भांडतात, रुसतात, हिशेब काढतात. मुलींना ते रटाळ वाटलं. मला, लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या बाईला, पहिल्यांदाच त्या ओळखीच्या वाटल्या. कप्तान मात्र खरंच उगाच आहे.

पुस्तक आता चिंचवडच्या पाचव्या मैत्रिणीकडे जाणार होतं. आदल्या रात्री पर्समधली पेन्सिल काढली आणि पहिल्या पानावर, पाटीच्या खाली लिहिलं: "दोघी शेवटपर्यंत आहेत. निवांत वाच." दिवाणजी खुनी असल्याचं फोडणाऱ्या त्या माणसाच्या पंगतीत आपण बसतोय, हे लिहिताना कळत होतं.

सकाळी त्याखाली जांभळ्यात: "मावशी, स्पॉयलर!!! दंड."

दंड भरला. एक कॉफी ठरली होती, पण घरी पाच जणी आल्या, चिंचवडचीसुद्धा. कॉफी झाली, सोबत साबुदाण्याची खिचडी झाली, कप्तानवरून पुन्हा भांडण झालं. त्यातली हिरवी पेन्सिल कुणाची, हे मी विचारलं नाही. जाताना एकीनं ओट्यावरचे सगळ्यांचे कप विसळून ठेवले, तेवढं बघितलं.