अर्ध्या पानाचं चित्र

कॉलेजच्या वार्षिकांकात एक लेख आला, ‘नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे काय?’ म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं सगळ्या साइट्सना आणि अ‍ॅपना सारखंच वागवावं, डावं-उजवं करू नये. लेख नेटका होता, पण दुसऱ्या पानावर अर्धी जागा उरत होती. अंकाचं काम बघणाऱ्या बाई म्हणाल्या, “तिथं एखादं छानसं चित्र टाका की. तुमच्याकडं असतील.” शिंप्याकडं जशी बटणं तशी डीटीपीवाल्याकडं चित्रं असतातच, असा लोकांचा समज आहे. बेळगावच्या शहापुरातल्या या दुकानात मी इतकी वर्षं लग्नपत्रिकेचे गणपती, बारशाचे पाळणे, दहाव्याच्या कार्डावरच्या समया साठवल्या आहेत. नेट न्यूट्रॅलिटीचं म्हणून काही साठवावं लागेल असं कधी वाटलंच नव्हतं.

शोधायला बसलो. पहिला सापडला तराजू. तराजू छापला की आमच्याकडं लोकांना कोर्ट आठवतं, नाहीतर सराफ. मग एका डब्यात खुपसलेल्या निळ्या केबली. मग फलक घेतलेले गोरे लोक. आणि साइट उघडेपर्यंत दिसतं ते गोल गोल फिरणारं कडं. त्या कड्याला तसा इतिहास आहे. 10 सप्टेंबर 2014 ला अमेरिकेतल्या बऱ्याच साइट्सनी ते मुद्दाम आपापल्या पानांवर लावलं होतं, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना मोकळं रान दिलंत तर उद्या हेच बघत बसाल म्हणून. कल्पना झकास. पण कागदावर कडं फिरत नाही. प्रिंट काढून पाहिली तर वाळत घातलेली कुरडई दिसली.

सगळ्यात जास्त चित्रं रस्त्याची. एक लेन मोकळी, दुसरी तुंबलेली. म्हटलं, मग परक्या देशातला रस्ता कशाला, आपला कोगनोळीचा टोलनाका आहे की. मित्र कोल्हापूरला निघाला होता, त्याला फोटो काढून पाठवायला सांगितलं. फोटो चांगला आला. बाई बघून म्हणाल्या, “हे चुकीचं आहे.” का, तर ट्रकला जास्त टोल आणि कारला कमी, यात नेट न्यूट्रॅलिटीला काहीच अडचण नाही. जास्त डेटा वापरा, जास्त पैसे भरा. अडचण कधी? नाक्यावरच्या माणसानं ताडपत्री उचलून आत काय आहे ते बघितलं आणि निपाणीच्या तंबाखूला टोल लावून कोल्हापूरचा गूळ फुकट सोडला, तर. तेही गुळवाल्यानं नाकेवाल्याशी आधी बोलून ठेवलंय म्हणून.

हे मला एकदम पटलं. कारण 2015 साली आपल्याकडं झालेला सगळा दंगा या गुळाचाच होता. एका टेलिकॉम कंपनीची योजना होती की अमुक अ‍ॅप वापरा, डेटा कापला जाणार नाही, त्याचे पैसे अ‍ॅपवाला भरेल. फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’ही त्याच वळणाचं, ठरावीक साइट्स फुकट. टेलिकॉम कंपन्यांचे नियम ठरवणाऱ्या ‘ट्राय’ या सरकारी संस्थेनं 20 प्रश्न काढून लोकांचं मत मागवलं, तर दहा लाखांवर ईमेल गेले. त्यातला एक माझा. मजकूर तयारच मिळत होता, खाली नाव तेवढं घातलं. आमचे शेजारी म्हणाले, फुकट देतात तर तुमच्या पोटात का दुखतंय? त्या वेळी मला उत्तर देता आलं नव्हतं. गूळ तेव्हा सुचायला हवा होता. शेवटी 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायनं मजकूर बघून वेगवेगळे दर लावायला बंदी केली. मोडणाऱ्याला दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख दंड.

पण फोटो काढणार कशाचा? ताडपत्री न उचलल्याचा? इथंच सगळं अडतं. भेदभावाचं चित्र काढता येतं, भेदभाव न झाल्याचं काढता येत नाही. वीज मिक्सरला आली की पंख्याला, हे तार विचारत नाही. म्हणून कुणी तारेचा फोटो काढतं का?

मग मी टिळकवाडीतल्या रेल्वेच्या दुसऱ्या गेटावर गेलो. फाटक पडलं की तिथं बुलेट, सायकल, भाजीची हातगाडी, लाल दिव्याची आठवण न सुटलेली एखादी पांढरी गाडी, सगळी एका रांगेत. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात मागं अ‍ॅम्ब्युलन्स येऊन थांबली. लोक गाड्या बाजूला सरकवायला लागले. बाईंनी सांगितलं की तेही नियमातच आहे, आणीबाणीच्या सेवेला ट्रायनं सूट ठेवलीय. पण फोटोत नुसती गर्दीच दिसत होती, आणि रेल्वे फाटकाच्या नावानं बोटं मोडण्यापलीकडं वाचकानं काही केलं नसतं.

शेवटी चित्र सापडलं ते आईच्या डब्यात. मी बटणं शोधत होतो. आत अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला. वरचं पत्र आत्याचं, गडहिंग्लजहून आलेलं. पत्ता देवनागरीत, ‘मु. पो. शहापूर, बेळगाव’, पुढं 590003. चारानं सुरू होणाऱ्या पिनच्या गावातून पाचानं सुरू होणाऱ्या पिनच्या गावात. आमच्या गल्लीचे तेव्हाचे पोस्टमन कानडी. मराठी तोडकं बोलायचे, पण देवनागरी पत्ता वाचताना कधी अडखळले नाहीत. सीमेच्या भांडणात एसट्या हद्दीवर अडकायच्या, गावात बंद असायचा, आणि दुसऱ्या दिवशी सायकलची घंटी वाजवून ते आत्याचं पत्र टाकून जायचे. तिकडून आलंय म्हणून एक दिवस जास्त ठेवलं, असं आई कधी म्हणाल्याचं आठवत नाही.

पत्र उलगडून स्कॅन केलं, बाईंना आवडलं. आत्याला फोन करून सांगितलं तर ती किंचाळलीच. “छापू नकोस रे बाबा, सासूबाईंबद्दल काय काय लिहिलंय त्यात!”

मग पत्र पुन्हा घडी घालून मिटलं आणि पत्त्याची बाजू तेवढी स्कॅन केली.