विरार ते दादर, तीन माळा

आमच्या आजीला घड्याळ कळत नव्हतं. तिचं सगळं मोजमाप माळेवर. भात शिजायला अर्धी माळ, नंदाखालहून एसटीने विरार स्टेशन एक माळ (रस्ता बरा असेल तर), आणि विरार ते दादर तीन माळा. माळ म्हणजे रोझरी. पाच दशकं, दर दशकाला दहा वेळा ‘नमो मरिये’ ही प्रार्थना.

ती पहाटेच्या लोकलने मोगरा आणि विड्याची पानं घेऊन दादरला जायची. आमच्याकडे पानवेल होती, केळी होती, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेने फुलझाडं होती. आजोबा वाडीतून हलत नसत, म्हणून विकायचं काम आजीचं. सुट्टीत मला एक-दोनदा बरोबर नेलं होतं. लगेजच्या डब्यात टोपलीला टेकून, लाल लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन ती बसायची. एका हाताने टोपली धरलेली, दुसरा पदराआड. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं म्हातारी डुलक्या घेतेय. पण पदराखाली मणी सरकत असायचे.

तीन माळांतली पहिली आनंदाच्या रहस्यांची, दुसरी दुःखाच्या, तिसरी गौरवाच्या. रहस्य म्हणजे येशू-मारियेच्या आयुष्यातला प्रसंग, दर दशकाला एक. हा हिशोब रुळांवर असा काही बसला होता की येशूचा जन्म साधारण नायगावला व्हायचा. खाडीच्या पुलावर मारिया आणि जोसेफ त्याला मंदिरात घेऊन जात. आजूबाजूच्या बायका खाडीत नाणी टाकत, आजी माळेचा क्रूस ओठांना लावायची. भाईंदरला पहिली माळ संपली की दुःखाची सुरू. मालाडला तो क्रुसावर, गोरेगावला पुनरुत्थान. तिथून पुढे गाडीत चेंगराचेंगरी असली तरी आजीचा चेहरा निवांत, कारण आता सगळं चांगलंच घडणार होतं. माटुंगा रोड गेलं की मारियेला स्वर्गात मुकुट, आणि दादर आलं की टोपली डोक्यावर.

गाडी सिग्नलला अडली तर मधल्या वेळात मेलेल्यांसाठी प्रार्थना. पावसाळ्यात आमच्या खानदानातले बरेच लोक तिने शुद्धिस्थानातून सोडवले असतील.

2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत प्रकाशाची रहस्यं वाढवली. तोवर आजीने दादर सोडून बरीच वर्षं झाली होती. चर्चमध्ये फादरांनी सांगितलं ते तिने नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाली, “बरं झालं धंदा बंद केला. नाहीतर आता चर्चगेटपर्यंत जावं लागलं असतं.” (ती बोलायची सामवेदीत, आमच्या बोलीत. इथे मी प्रमाण मराठीत लिहितेय, त्यात निम्मी चव जाते. पण सामवेदी लिहायला बसले की माझाच हात अडखळतो.)

तिचा जन्म 1931 चा, तोही बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून. शाळा पाहिली नाही. तरीही लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ होती. आम्ही लहान असताना घरी प्रार्थना संपत आली की ती मध्येच ‘ओराप्रनोबी’ असं काहीतरी पुटपुटायची. माझ्या धाकट्या भावाला ते पोर्तुगीजांच्या काळातल्या भाजीचं नाव वाटायचं. पुढे कळलं, ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर. आजीला तरी अर्थ कुठे माहीत होता! व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे साठीच्या दशकात, मिस्सा मराठीत आली तेव्हा ती पस्तिशीच्या आसपास होती. पहिल्या मराठी मिस्सेहून आल्यावर म्हणे चुलीपुढे बसून आजोबांना विचारलं, “इतकी वर्षं फादर हेच बोलत होते?” तिला काय अपेक्षित होतं कोण जाणे. पण काहीतरी जास्त गूढ असावं अशी तिची समजूत असणार. नंतर ती मराठी प्रार्थना म्हणायला लागली, पण पाऊस फार झाला किंवा कुणी आजारी पडलं की लॅटिनच. खरं काम त्यानेच होतं, असा तिचा हिशोब.

1964 च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईत आले होते, युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी. गावातल्या बायकांबरोबर आजी ओव्हल मैदानावर गेली, कडेवर माझे पप्पा. या प्रसंगाचं वर्णन तिने आयुष्यभर एकाच पद्धतीने केलं: “लांब पांढरा ठिपका दिसला. तो पोप. आणि माझी एक चप्पल गेली.” दुसरी चप्पल तिने फेकली नाही. ती माळ्यावर होती, मी पाहिलीय.

आता जे सांगणार आहे ते घरच्यांना आवडणार नाही. आजी भाविक होती, पण सोपी बाई नव्हती. पैशाला चिकट होती. आणि तिच्या थोरल्या जावेशी तिचं नऊ वर्षं भांडण होतं. कारण विहिरीच्या पाण्याची पाळी. वाटणीनंतर विहीर सामाईक राहिली, कुणी किती वेळ पाणी घ्यायचं यावरून एकदा शब्दाला शब्द वाढला, आणि संपलं. दोघी चर्चमध्ये मात्र पिढीजात त्याच बाकावर, मध्ये दोन माणसं सोडून. नव्या मिस्सेत एक पंचाईत होती. फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या, आणि सगळे वळून वळून हात जोडतात. आजी डावीकडे हात जोडायची, मागे जोडायची, पुढे जोडायची. उजवीकडे वळायची वेळ आली की नेमका तिचा पदर घसरायचा. नऊ वर्षं, दर रविवारी. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जाऊन ती हे सांगायची, फादर प्रायश्चित्त द्यायचे, ती ते इमानदारीने करायची आणि पुढच्या रविवारी पदर पुन्हा घसरायचा.

मग जाऊबाई अंथरुणाला खिळल्या. एका संध्याकाळी देवदूताच्या प्रार्थनेची घंटा झाल्यावर आजी उठली, माळ घेतली आणि कुणाला न सांगता त्यांच्या घरी गेली. खाटेशी बसून रोझरी सुरू केली. त्या पडल्या पडल्या उत्तराचा अर्धा भाग म्हणू लागल्या. जवळपास चार महिने, रोज संध्याकाळी. विहिरीचा विषय दोघींपैकी कुणीही काढला नाही. मी एकदा विचारलं, माफी कुणी मागितली? आजी म्हणाली, “वेळ कुठे होता? पन्नास ‘नमो मरिये’ असतात.”

त्या विहिरीचं पाणी पुढे मचूळ झालं ते वेगळंच. नव्वदच्या आसपास टँकरवाले वसईचं पाणी उपसून नेत होते, बिल्डर वाड्यांवर डोळा ठेवून होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि ‘हरित वसई’ची माणसं गावोगावी सभा घेत होती. आजी मोर्चाला गेली. घोषणा द्यायला तिला लाज वाटायची, म्हणून तिने वाटभर माळ म्हटली. ‘सुवार्ता’ मासिक आलं की ते तिला मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझं. माझं मराठी सुधारलं ते त्यामुळे. मी पानं गाळली तर तिला कसं कळायचं, देव जाणे.

तिचं एकच व्यसन, पान. स्वतःच्या वेलीचं, चुना जास्त, कात अगदी नावाला. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की पान बंद, ते थेट ईस्टरला. चाळीस दिवस ती स्वतः पानं खुडायची, मोजून गड्ड्या बांधायची, विकायची, आणि एकही तोंडात घालायची नाही. एका तरुण फादरांनी तिला समजावलं, आजी, रविवार उपवासात मोजत नाहीत, रविवारी खा की. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यांनी विषयच बदलला. ईस्टरच्या मध्यरात्रीची मिस्सा संपवून घरी आल्यावर अंधारात अडकित्त्याचा कट्‌ असा आवाज यायचा. तो आला की आम्हा मुलांना कळायचं, ख्रिस्त उठला.

2011 मध्ये ती गेली. तेव्हा तिच्या हातात नवी माळ गुंडाळली, रोजची मी मागून घेतली. तिसऱ्या दशकातला एक मणी कधीतरी तुटला होता. तिथे तिने आजोबांच्या सदऱ्याचं बटण ओवलंय, हार गुंफायच्या दोऱ्याने. मी रोज म्हणत नाही. खोटं कशाला सांगू, आठवड्यातून एखादवेळ, तेही बोरिवलीला बसायला जागा मिळाली तर. पण बटण बोटाला लागलं की कळतं, नायगाव आलं.

दर वर्षी 2 नोव्हेंबरला, मृत भक्तजनांच्या दिवशी, आम्ही सगळे नंदाखालच्या दफनभूमीत जातो. मेणबत्त्या, झेंडू, मोगरा मिळाला तर मोगरा. गेल्या वर्षी मी एक विडाही नेला, चुना जास्त, कात नावाला. मेणबत्तीच्या शेजारी ठेवला. आईने डोळे वटारले, “अगं, हे काय? इथे?”

मी म्हटलं, नोव्हेंबर आहे मम्मी. उपवास फेब्रुवारीत.