तुम्ही विचारलंत म्हणून: आईनं जमवलं कसं?

शाळेत नव्यानं रुजू झालेल्या बाई असोत नाहीतर पालकसभेला आलेल्या आया, माझी आई निपाणीत विड्या वळायची हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "चार पोरं, घरचा रगाडा, वर हे काम. त्यांनी जमवलं तरी कसं हो?" विचारणारीच्या कडेवर बहुतेकदा एक पोर असतं आणि डोळे जागरणानं तारवटलेले. तिला माझ्या आईचं कौतुक फारसं करायचं नसतं, युक्ती हवी असते. असती तर दिली असती.

खरं सांगायचं तर जमत नव्हतं. जे जमत नव्हतं ते कुणाच्या तरी अंगावर पडायचं. थोडं आजीच्या, थोडं शेजारच्या अक्कांच्या, थोडं माझ्या, आणि उरलेलं सगळं आईच्या झोपेवर.

विडीचं काम लांबून बैठं आणि सोपं दिसतं. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. पानं आदल्या रात्री भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि मान खाली ती संध्याकाळपर्यंत खालीच. पानात चिमूट पसरायची, वळायचं, तोंड नखानं मुडपायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. माल द्यायला गेलं की त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जायच्या, त्यांचा पैसा नाही. मिळालेली पानं फाटकी-किडकी निघाली आणि हजार भरेना, तर वरची पानं पदरचे पैसे घालून आणायची. म्हणजे काम आपलं, घर आपलं, दिवाबत्ती आपली, आणि तोटाही आपलाच.

या सगळ्यात तान्हं पोर कुठं बसवायचं? कायद्यात पाळणाघराची सोय होती, पण ती कारखान्याच्या आवारात बसणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी. घरी वळणारीचं पाळणाघर म्हणजे उंबरा. धाकट्या भावाच्या वेळचं मला चांगलं आठवतं. तो रडायला लागला की आई सूप बाजूला सारून चुलीच्या राखेनं हात घासायची, मग साबणानं. तरी तंबाखूचा वास जायचा नाही. म्हणून पाजताना ती त्याला कोपराच्या बेचक्यात धरायची, पदर दातांनी ओढायची आणि दोन्ही हातांची बोटं त्याच्या तोंडापासून लांब, वर करून ठेवायची. आम्ही पोरं तिची नक्कल करून हसायचो. तीही हसायची, पण बोटं खाली येऊ द्यायची नाही.

बाळंतपणाचं ऐका. तेव्हा विडी आणि सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा होता. घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार, आणि तिला १९६१ चा प्रसूती लाभ कायदा लागू, असं त्यात होतं. तेव्हाच्या हिशोबानं १२ आठवड्यांची भरपगारी रजा. आमच्या घरात मात्र कामाची नोंद करायचं कारखान्याचं पुस्तक आजीच्या नावावर होतं. वळायच्या आजी, आई, काकी, नोंद एकीचीच. आजीला कसली आलीय बाळंतपणाची रजा! आईला अळिवाची खीर मिळाली, शेकशेगडी मिळाली, पाचवीही रीतसर पुजली. पण बारशाच्या आधी सूप तिच्या मांडीवर आलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती बरं का. आजीला एकटीला हजार भरत नव्हते, एवढंच.

अक्का आमच्या भिंतीला लागून राहायच्या. त्यांच्या घरात कन्नड, आमच्यात मराठी. चौकात सीमाप्रश्नावरून घोषणा चालायच्या, एक नोव्हेंबरला काळा दिवस म्हणून दुकानं बंद व्हायची, आणि आमचा धाकटा अक्कांच्या ओट्यावर मजेत 'बा इल्ली, बा इल्ली' (ये इकडे) करत रांगायचा. अक्कांच्या सुनेच्या बाळंतपणात आईनं त्यांच्या दोन नातवांना महिनाभर जेवूखाऊ घातलं. याला उपकार म्हणायची पद्धत गल्लीत नव्हती. ज्या दिवशी जिचा हात मोकळा, तिच्याकडे पोरं. आता तुम्ही बेळगावात तिसऱ्या मजल्यावर दार लावून एकट्या पोर सांभाळता आणि माझ्या आईशी स्वतःची तुलना करता. ती एकटी नव्हती हो.

बाबांचं विचाराल तर ते तंबाखूच्या वखारीत हंगामी हमाली करायचे. हंगाम संपला की रिकामे. रिकामे म्हणजे अगदी रिकामेच. आई वळत असायची आणि ते "चहा टाक गं" म्हणायचे. वाईट माणूस नव्हे. आमच्यावर जीव होता, आईला कधी वावगं बोलले नाहीत. पण घागर उचलली नाही. हे फक्त निपाणीचं किंवा फक्त त्या पिढीचं म्हणावं, तर केंद्र सरकारची २०२४ ची वेळ-वापर पाहणी समोर आहे. घरातल्या बिनपगारी कामात बायकांची दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. त्यातही हे ८८ म्हणजे जे करतात त्यांचे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये बायकांच्या खात्यावर पडायला लागल्यापासून 'बायकांना बसून पैसे' असं म्हणणारे आमच्या गल्लीत बरेच झालेत. बसून! त्यांना एकदा सकाळी मांडीवर सूप देऊन बसवायला हवं.

पुन्हा माझ्या वाट्याला आलेल्या कामाकडे येते, कारण ते कौतुकात नेहमी गाळलं जातं. शाळेतून आले की विड्यांची तोंडं मुडपायला मी बसायची. बोटं बारीक, काम झटझट व्हायचं. गृहपाठ रात्री. भाऊ मात्र मैदानावर. आई कष्टाळू, सोशिक, सगळं खरं, पण यात तिचं चुकलं असं मी तिला तोंडावर सांगते. तीही तोंडावर उत्तर देते: "पोरगं इड्या वळाय बसलं असतं तर गल्ली हसली असती की." मी म्हणते, हसू दे. ती म्हणते, "तुला आता सोपं हाय म्हणाय." यावर आमचं अजून मिटलेलं नाही. पण विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळायची, तिचा फॉर्म भरायला मला हाताला धरून तीच घेऊन गेली होती. त्या दिवसाची मजुरी बुडाली. तिनं ते आजवर कधी ऐकवलेलं नाही.

तर युक्ती नाही. म्हणून कुणी विचारलं की मी उलट विचारते: सकाळी डबा कोण भरतं? रात्री पोर उठलं की कोण उठतं? तुमच्या घरचं पुस्तक कुणाच्या नावावर आहे? यातल्या एकाचं जरी उत्तर बदललं तरी तुम्ही माझ्या आईच्या पुढं गेलात. तिच्यासारखं व्हायला जाऊ नका. तिच्या पाठीचे एक्स-रे मी डॉक्टरांना दाखवलेत, मला माहीत आहे.

आजीच्या मागे पुस्तक आईच्या नावावर झालं. घरी विडी वळणारेही कर्मचारीच, त्यांनाही प्रॉव्हिडंट फंड लागू, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सांगितलेलं होतं. त्यामुळे तिच्या नावानं थोडीफार रक्कम कापली गेली आणि आता पेन्शन येते. २०१४ पासून ती किमान १००० रुपये आहे, आईची त्याच्या आसपासच. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. मागच्या खेपेला मीच तिला घेऊन गेले. अंगठा ठेवला, मशीननं घेतला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, नाही. वर्षानुवर्षं पानं चोळून रेषाच झिजल्यात. मशीनवरचा पोरगा कंटाळून म्हणाला, "मावशी, बोट नीट ठेवा."

"नीटच ठेवलंय," आई म्हणाली. "ह्याच बोटांनी तुझ्या आज्ज्याच्या इड्या वळल्यात. तुझं मशीन बघ आधी."

शेवटी डोळ्यांवर काम भागलं. बाहेर येऊन तिनं बसस्टँडवर चहा मागवला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.