अंटार्क्टिकाला जायचं तर जहाज केवढं?

सध्या मी आणि माझी टोरांटोची मावसबहीण, रोज रात्री एकमेकींना अंटार्क्टिका क्रूझची ब्रोशर्स फॉरवर्ड करतोय. ताईला बाल्कनी हवी, सॉना हवा, आणि मी प्रत्येक जहाजाला एकच विचारते, अगं पण माणसं किती?

कारण सगळी गंमत त्या आकड्यात आहे. आयएएटीओ म्हणून तिकडे जाणाऱ्या टूर कंपन्यांची संघटना आहे, १९९१ पासूनची, त्यांचा नियम असा की एका जागी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी किनाऱ्यावर, आणि ५०० च्या वर प्रवासी असतील तर त्या जहाजातून कुणालाच उतरवायचं नाही. म्हणजे मोठ्या स्वस्त क्रूझवाले लांबूनच बर्फ बघून परत. आता १९० लोकांचं जहाज घेतलं तर दोन बॅच पडतात, अर्धे पेंग्विनांकडे, अर्धे रबरी झोडियाक बोटीतून हिमनगांभोवती फेऱ्या मारणार आणि मग अदलाबदल. हे वाईट नाहीये, झोडियाकची फेरीही बघण्यासारखीच असते म्हणे, पण हवा मधेच बिघडली की दुसऱ्या बॅचचं उतरणं बोंबलतं. शंभरच्या आतलं जहाज असलं की सगळे एकदम उतरतात, बॅचबिच भानगड नाही.

ताईचा मुद्दा असा की लहान जहाज जास्त हलतं. खरंय. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून निघालं की बीगल चॅनल संपल्यावर ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला खवळलेला समुद्र लागतो, जवळपास दोन दिवस, नशीब चांगलं तर तळ्यासारखा शांत, नाहीतर पाळण्यातलं बाळ व्हायचं आणि अव्होमिन घेऊन पडून राहायचं. म्हणूनच मी तिला सांगतेय की खालच्या डेकची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन घेऊ, ती सगळ्यात कमी हलते आणि स्वस्तही असते. बाल्कनीत त्या थंडीत बसणार कोण? ड्रेक टाळायचाच तर चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथे जहाज पकडता येतं, साधारण दोन तासांचं उड्डाण, पण पैसे जास्त आणि धुकं आलं की विमान अडकतं.

मग तिने २००७ ची बातमी पाठवली, एक्सप्लोरर नावाचं छोटं जहाज बर्फाला धडकून बुडालं होतं ती. १५४ जण होते, सगळे वाचले, पण उघड्या लाइफबोटींमध्ये तासनतास कुडकुडत बसावं लागलं. २०१७ पासून पोलर कोड, म्हणजे ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू झालाय, त्यात उघड्या लाइफबोटी चालत नाहीत, पूर्ण किंवा निदान अर्धवट झाकलेल्याच लागतात, हे सांगितल्यावर ती जरा गप्प झाली. तरी जहाजाचा आइस क्लास, म्हणजे ते बर्फाला किती टिकेल याचा दर्जा, विचारायचाच, आणि आजारी पडून तिथून हलवावं लागलं तर इन्शुरन्स ते कव्हर करतो का तेही, तिथून हॉस्पिटल गाठणं म्हणजे काय खर्च असेल विचार करा.

एका एजंटच्या ब्रोशरवर एम्परर पेंग्विनचा मोठा फोटो होता, पिल्लासकट. नेहमीच्या पेनिन्सुला ट्रिपमध्ये (अंटार्क्टिकाचा दक्षिण अमेरिकेकडे आलेला निमुळता भाग) ते सहसा दिसतच नाहीत हो! तिथे जेंटू, चिनस्ट्रॅप, अडेली या जातींचे पेंग्विन. किंग पेंग्विनांचे थवे हवे असतील तर साउथ जॉर्जिया बेटाची लांबलचक ट्रिप लागते. असला फोटो लावणाऱ्याला मी पुढे काही विचारतच नाही. आणि हो, मैत्री आणि भारती ही आपल्या भारताची संशोधन स्टेशन्स या रूटवर कुठेच नाहीत, ती पार दुसऱ्या बाजूला, पूर्व अंटार्क्टिकात. (माझ्या सासऱ्यांना वाटत होतं तिथे चहा मिळेल.) भारतीय स्टेशन बघायचंच असलं तर आर्क्टिकला जा, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या काही ट्रिप्स तिथल्या न्यू-ऑलेसुंड गावाला थांबतात, तिथे आपलं हिमाद्री आहे. स्वालबार्डच्या संरक्षित भागातही २०२५ पासून २०० च्या वर प्रवासी असलेली जहाजं बंद झालीत, तेव्हा लहान जहाजाचा माझा हट्ट तिकडेही चालेल.

महिना मात्र अजून ठरत नाहीये. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो, जानेवारीत पिल्लं, फेब्रुवारी-मार्चला व्हेल जास्त पण तोवर पेंग्विनांच्या वसाहतीत चिखल आणि वास. ताईला पिल्लं हवीत, मला व्हेल. तिला सुट्टी ख्रिसमसनंतरच मिळते आणि मला अर्जेंटिनाचा व्हिसाही काढायचाय, त्यामुळे बहुतेक जानेवारीच. आज तिने नवीन पिल्लू सोडलंय, कयाकिंगचे एक्स्ट्रा किती ते विचार म्हणून.